ज्वरमुक्ति व बलप्राप्ति यांमधील काळ

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत तिथि, मुद्रा, वंशावळी व लढायांचीं स्थळें यांचा निर्णय करण्याची वहिवाट आहे. प्रस्तुत टिपण या वहिवाटीस थोडें सोडून आहे. ज्या काळाचा येथें विचार करावयाचा आहे त्यास बखरींत जागा नाहीं, जमाबंदीच्या कागदांत सदर नाहीं आणि मृत्यूच्या कोष्टकांत रकाना नाहीं. ताप उतरल्याचा दिवस व अंगांत पूर्वीचें बळ परत आल्याचा दिवस यांमधील तो काळ होय. आपल्या प्राचीन वैद्यकानें हे दोन दिवस वेगळे मानले होते. आपण ते एक मानूं लागलों. आणि या चुकीची किंमत आजाऱ्यानें व कांहीं अंशीं इतिहासानेंहि दिली, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

या विषयाकडे वळण्याचें कारण घरगुती आहे. गेल्या भाद्रपदांत आम्ही भोकरदन येथें तापानें आडवे झालों. घोटे, मनगटें व बोटांचीं पेरें अशीं धरलीं कीं, लेखणी उचलवेना. गांवांतील डॉक्टरांनीं रक्त तपासून चिकुनगुनियाचा निर्णय दिला. पांचव्या दिवशीं ताप गेला. पंधराव्या दिवशीं, बोटें थोडीं मोकळीं होतांच, आम्हीं आजारापूर्वीं अर्ध्यावर राहिलेली माधवनिदानाच्या एका जीर्ण पोथीची नक्कल पुन्हा हातीं घेतली. दोन दिवसांत चार पानें झालीं व मनास समाधान वाटलें. पुढें महिन्याभरानें तीं पानें मुळाशीं ताडून पाहिलीं, तों त्यांत अकरा ठिकाणीं ओळ गळलेली निघाली. एका ओळींतील शब्द पुढील ओळींत पुन्हा आला कीं, डोळा मधला मजकूर ओलांडून जातो, हा दोष नकलकारांस नवा नाहीं. परंतु एरवीं आमच्या हातून दहा पानांत असें एखादें स्खलन होई. आश्चर्य याचें वाटलें कीं, लिहितेवेळीं आपण चुकत आहों ही जाणीवहि आम्हांस झाली नव्हती.

पोथीच्या अखेरीस लेखकानें आपल्या पाठीची, कंबरेची व मानेची तक्रार नोंदवावी आणि वाचणारानें ग्रंथ जपावा अशी विनंती करावी, हा जुना संकेत संग्राहकांच्या परिचयाचा आहे. आम्ही आजवर तो केवळ संकेत म्हणून वाचीत आलों. त्या अकरा ओळींनंतर मात्र ती एक साक्ष आहे असें वाटूं लागलें.

आमचें गांव केळणा नदीच्या तीरावर आहे. हेंच प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगरांतून आलेल्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीनें येथील पांढरीचें उत्खनन झालें व त्याचा वृत्तांत शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनीं प्रसिद्ध केला. त्यांत मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं साम्य दाखविते, हें सर्वश्रुत आहे. योगायोग असा कीं, ज्या सालीं भोकरदनची माती उकरली जात होती त्याच सालीं सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें चिकुनगुनियाची साथ आली होती. या रोगाचें नांव पूर्व आफ्रिकेंतील माकोंडे लोकांच्या भाषेंतील आहे. १९५२-५३ सालीं टांगानिकांत त्याची प्रथम ओळख पटली, व सांधे धरून रोगी वांकतो म्हणून त्यास ‘वांकविणारा’ या अर्थाचें हें नांव मिळालें. आपल्या देशांत तो १९६३ सालीं कलकत्त्यास, १९६४ सालीं मद्रासेस व १९७३ सालीं बार्शीस दिसला. मग सुमारें ३२ वर्षें त्याची मोठी साथ आली नाहीं. २००५ च्या अखेरीस तो परतला, आणि २००६ सालीं देशांत सुमारें १३ लक्ष ९० हजार संशयित रोगी नोंदले गेले. पैकीं अडीच लक्षांहून अधिक महाराष्ट्रांतील होते. त्या वेळचा विषाणु जुन्या आशियाई वंशाचा नसून आफ्रिकेंतील दुसऱ्या वंशाचा होता, असें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें दाखवून दिलें.

ही झाली रोगाची बखर. हींत रोग केव्हां आला व किती जणांस झाला हें कळतें. रोगी पुन्हा नांगरास, मागास किंवा मेजास केव्हां लागला हें कळत नाहीं. या प्रश्नाकडे पाहण्यासाठीं आम्हांस मागें जावें लागलें.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसरा अध्याय ज्वरचिकित्सेचा आहे. त्याच्या अखेरच्या भागांत आचार्यांनीं ज्वर गेलेल्या मनुष्यास व्यायाम, स्त्रीसंग, स्नान व फिरणें या गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. त्यांची मुदत त्यांनीं दिवसांत मोजलेली नाहीं. मनुष्य बलवान् होईपर्यंत, एवढीच ती आहे. बल येण्यापूर्वीं जो हें पथ्य मोडील त्याचा ज्वर उलटतो, असा इशारा पुढेंच आहे. याहूनहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, ज्वर न उलटतांहि अपाय होऊं शकतो असें तेथें सांगितलें आहे. शरीरांत राहिलेले दोष धातूंमध्यें हळूहळू पचत असतां ताप आणीत नाहींत, पण दैन्य, ग्लानि, पांडुरता, अन्नाची अनिच्छा व अग्निमांद्य हीं उत्पन्न करतात. म्हणजे अंगास हात लावून पाहणारास कांहींच सांपडत नाहीं, आणि तरीहि मनुष्य बरा नाहीं, ही अवस्था ग्रंथकारास मान्य होती.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील चौथ्या अध्यायांत याच्या पुढचें पाऊल आहे. तेथें तंद्रा, जांभई, क्लम, आलस्य, ग्लानि व गौरव यांच्या व्याख्या एकामागून एक दिल्या आहेत. श्रम केल्याविना शरीरांत वाढणारा, ज्यांत धाप लागत नाहीं, आणि जो इंद्रियांस आपापले विषय नीट धरूं देत नाहीं, तो थकवा म्हणजे क्लम. आणि अंगांत शक्ति असूनहि कर्माविषयीं उत्साह नसणें म्हणजे आलस्य. या दोन व्याख्या शेजारीं शेजारीं आहेत हा केवळ क्रमाचा योग असावा असें आम्हांस वाटत नाहीं. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्या दिसतात. मनुष्य बसून असतो, हातांतील काम होत नाहीं. भेद काय तो शक्ति असणें व नसणें हा. इंद्रियें विषय धरीत नाहींत या लक्षणाचा अर्थ आम्हांस गळलेल्या अकरा ओळींनीं शिकविला. डोळा पानावर होता, पण अक्षर डोळ्यास लागत नव्हतें.

संस्कृतांतील हा भेद मराठींत पुरता उतरला नाहीं. ‘क्लांत’ हा शब्द ग्रंथांत राहिला. बोलण्यांत आपण थकवा, अशक्तपणा, गळून जाणें असे शब्द वापरतों, पण ते उन्हांत कोस चालून आलेल्यासहि लागतात. ‘अंगांत तापाची कसर आहे’, ‘अजून हुशारी वाटत नाहीं’ हे प्रयोग क्लमाच्या जवळचे आहेत. त्यांस मात्र घरांत जितका मान आहे तितका शाळेंत, कचेरींत वा शेताच्या बांधावर नाहीं. तेथें एकच शब्द तयार असतो, व तो म्हणजे आळस.

हा शब्द आम्हींहि वापरला आहे, आणि त्याची कबुली येथें देणें प्राप्त आहे. २००६ च्या साथीनंतर आमच्या वर्गांतील एक मुलगा तीन आठवड्यांनीं शाळेंत परत आला. पूर्वीं तो पाठांतरांत पुढें असे. आतां दुसऱ्या तासास त्याची मान बांकावर टेके. शब्दांचीं रूपें चालवितांना द्वितीयेवरून एकदम षष्ठीवर जाई. हात दुखतो असें तो म्हणे. ताप आहे काय, असें आम्हीं विचारिलें. नाहीं, असें त्यानें सांगितलें. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांत शेऱ्याच्या जागीं आम्हीं ‘आळशी झाला आहे’ असें लिहिलें. सुश्रुताची प्रत त्या वेळीं आमच्या घरच्या फळीवर होती व तो अध्याय आमच्या वाचनांतला होता. वाचलेलें आठवणें निराळें आणि समोरच्या मुलाच्या ठिकाणीं तें ओळखणें निराळें. मुलाच्या वडिलांनीं तो शेरा वाचून काय केलें हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. द्वितीयेवरून षष्ठीवर जाणारा तो मुलगा आणि ओळ ओलांडून जाणारे आम्ही यांत फरक कोणता, हा प्रश्न या आजारांत पुष्कळ वेळां मनांत आला.

आतां इतिहासाच्या साधनांकडे वळूं. १९१८ चा इन्फ्लुएंझा हें याचें मोठें उदाहरण. मुंबईंत तो जूनमध्यें आला. सप्टेंबर-ऑक्टोबरांतील दुसरी लाट फार घातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. भोकरदन त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारींत सुमारें १ कोटी ३३ लक्ष ७५ हजार होती, ती १९२१ सालीं सुमारें १ कोटी २४ लक्ष ७२ हजारांवर आली. या घटींत इन्फ्लुएंझाबरोबर प्लेग व दुष्काळ यांचाहि हात होता. १९१८ चें पर्जन्यमान देशांत बहुतेक ठिकाणीं अपुरें होतें. म्हणजे ज्या आश्विन-कार्तिकांत खरीप काढावयाचा व रब्बीची ज्वारी पेरावयाची, त्याच महिन्यांत घरोघर माणसें ताप येऊन उठत होतीं. मेलेल्यांची गणति कोष्टकांत आहे. वांचलेल्यांपैकीं कितीजणांच्या हातीं पाभर धरवली नाहीं याची गणति कोठेंहि नाहीं. उत्पन्न घटलें त्याचें कारण लिहितांना पाऊस व मृत्यु हीं दोन सांगितलीं जातात. तिसरें कारण, म्हणजे वांचलेल्यांचें हरवलेलें बळ, तें मोजण्याचें मापच दप्तरांत नव्हतें.

असली माहिती सरकारी कागदापेक्षां खाजगी पत्रांत टिकते. याचें एक उदाहरण आमच्या परिसराशीं निगडित आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईची लढाई झाली. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या बाजूस आहेत अशी खबर आर्थर वेलस्लीस होती. प्रत्यक्षांत त्यांचा तळ केळणेच्या कांठानें असईपर्यंत पसरला होता. हें सर्व लढाईच्या वृत्तांतांत आहे. परंतु त्याच वेलस्लीस १८०१ सालीं मुंबईंत ताप आला; ताप गेल्यावरहि अंगावरच्या विकारानें त्याची सुटका केली नाहीं, आणि इजिप्तवरील स्वारी जनरल बेअर्ड याच्या हाताखालीं त्याच्यावांचून गेली, हें समजतें तें त्याच्या पत्रांवरून. त्याचा विकार आमच्या विषयांतला नव्हे. उदाहरण घेतलें तें इतक्याचसाठीं कीं, ताप गेल्यानंतरच्या आठवड्यांस एका सेनानीच्या चरित्रांत जागा मिळाली ती पत्रें जपलीं गेलीं म्हणून. शेतकऱ्याच्या, विणकराच्या वा शाळेंतील मुलाच्या त्याच आठवड्यांस ती मिळाली नाहीं.

आधुनिक वैद्यकासहि हा काळ ओळखण्यास वेळ लागला. १९४८ सालीं आइसलंडमधील आकुरेयरी येथें व १९५५ सालीं लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळांत अशा साथी झाल्या कीं, ज्यांत मूळ दुखणें ओसरल्यावर दीर्घ काळ टिकणारी क्लांति हेंच मुख्य लक्षण उरलें. पुढें कित्येक वर्षें त्या रोग्यांचें दुखणें मनाचें कीं शरीराचें हा वाद चालला. ऑस्ट्रेलियांत डब्बो या गांवाच्या परिसरांत २५३ रोग्यांस संसर्गाच्या आरंभापासून डोळ्यांखालीं ठेवून एक पाहणी झाली. त्यांतील कांहींस ग्रंथिज्वर, कांहींस क्यू-ज्वर व कांहींस रॉस नदी विषाणूचा ताप होता. हा शेवटचा विषाणु चिकुनगुनियाच्याच कुळांतला. सहा महिन्यांनंतर २९ जणांस, म्हणजे शेंकडा सुमारें १२ रोग्यांस, काम न करवणारा थकवा उरला होता. तो कोणास उरेल याचा अंदाज मूळ आजार किती तीव्र होता यावरून बांधतां आला. रोग्याच्या मानसिक घडणीवरून तो बांधतां आला नाहीं. ही पाहणी प्रसिद्ध झाली २००६ सालीं. आम्हीं प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला तो याच वर्षीं.

२०२० च्या कोविड साथीनंतर हा विषय घरोघर पोहोंचला. ऑक्टोबर १९१८ च्या कोष्टकांस जें ठाऊक नव्हतें त्यास ऑक्टोबर २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें व्याख्या दिली. आजाराच्या आरंभापासून साधारण तीन महिन्यांनीं आढळणारीं, निदान दोन महिने टिकणारीं व दुसऱ्या कारणानें उलगडा न होणारीं लक्षणें तींत येतात, आणि थकवा हें त्यांतील एक प्रमुख. त्याच महिन्यांत इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेनें, क्लांतीचा हा विकार जडलेल्या रोग्यांस दररोज ठराविक प्रमाणानें व्यायाम वाढवीत नेण्याचा पूर्वीचा उपचार यापुढें देऊं नये, व आपल्या शक्तीची मर्यादा ओळखून तिच्या आंत राहण्यास शिकवावें, असें ठरविलें. या रोग्यांत श्रमाचा परिणाम त्याच दिवशीं न दिसतां एकदोन दिवसांनीं उलटून येतो, हें त्यामागील कारण.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चरकास विषाणु ठाऊक होता असें म्हणणें हा पूर्वजांचा गौरव नव्हे. त्याची उपपत्ति दोषधातूंची आहे, आजची निराळी आहे. आणि बल येईपर्यंत स्नान वर्ज्य करण्याचा त्याचा नियम आज कोणी पाळण्याचें कारण नाहीं. साम्य आहे तें निरीक्षणांत. ताप जाणें हा रोगाचा शेवट नव्हे, आणि पथ्याची मुदत पंचांगावरून न ठरवितां बळावरून ठरवावी, या दोन गोष्टी दोघांनींहि रोग्याकडे नीट पाहून लिहिल्या आहेत.

आम्हीं स्वतः काय केलें हें थोडक्यांत लिहितों, कारण समानधर्मी संग्राहकांपैकीं पुष्कळ जण आमच्याच वयाचे आहेत. प्रथम डॉक्टरांकडून पंडुरोग, मधुमेह व कंठग्रंथीचा विकार यांची तपासणी करून घेतली. कारण थकव्याचीं हीं कारणें उपचारानें दूर होतात, व तीं विषाणूच्या माथीं मारून स्वस्थ बसणें चुकीचें. छातींत दुखणें, धाप लागणें, ताप उलटणें किंवा वजन उतरत जाणें यांपैकीं कांहीं दिसल्यास वाट न पाहतां येण्यास त्यांनीं बजावलें. नंतर एक लहान वही केली. तींत रोज किती ओळी लिहिल्या, किती चाललों व दुसऱ्या दिवशीं कसें वाटलें, एवढेंच टिपलें. तिसऱ्या आठवड्यांत बरें वाटलें म्हणून केळणेकांठच्या लेण्यापर्यंत पायीं जाऊन आलों. तो दिवस उत्तम गेला. पुढील दोन दिवस अंथरुणांत गेले. वहींत हीच जोडी तीन वेळां दिसली, तेव्हां नियम सांपडला. जेवढें होईल असें वाटतें त्याच्या निम्में करावें, आणि थकल्यावर विसांवा न घेतां थकण्यापूर्वीं घ्यावा. सकाळीं वीस ओळी, मग डोळे मिटून पडणें, दुपारीं वाचन नाहीं, सायंकाळीं सकाळच्या ओळी मुळाशीं ताडणें, असा क्रम लागला. घरांतील मंडळींनीं पेज, मुगाचें कढण व मऊ भात यांवरून आम्हांस हळूहळू भाकरीवर आणलें. तेल्यांच्या वाड्यापर्यंतचें चालणें मार्गशीर्षांत जमलें, लेणें माघांत. विसाच्या चाळीस ओळी होण्यास साडेतीन महिने लागले. या काळांत सर्वांत कठीण गेलें तें औषध नव्हे वा पथ्यहि नव्हे. येणाराजाणारा ‘आतां ताप नाहीं ना?’ असें विचारी, त्यास काय उत्तर द्यावें हें कठीण गेलें.

संग्राहकांस आमची विनंती अशी. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यांत ‘ताप गेला, शक्ति नाहीं’, ‘दुखण्यांतून उठलों, हिंडणें होत नाहीं’ अशा अर्थाचा मजकूर आला कीं, तो घरगुती म्हणून बाजूस टाकूं नये. त्याची तिथि, गांव व लिहिणाराचा व्यवसाय टिपावा. १९१८-१९ च्या सुमाराचीं पत्रें, सालगड्यांचे हिशेब व शाळांचीं हजेरीपुस्तकें अद्याप कित्येक घरांत आहेत. गड्याचे खाडे कोणत्या महिन्यांत वाढले, मूल किती आठवडे शाळेंत आलें नाहीं, यावरून त्या हरवलेल्या काळाचें माप कांहीं अंशीं काढतां येईल. हें काम मोठ्या पंडिताचें नाहीं, चिकाटीचें आहे.

आमची नक्कल आतां पुरी झाली आहे. तीं चार पानें फाडून नवीं लिहावीं असा विचार प्रथम मनांत आला. तसें न करतां गळलेल्या ओळी समासांत भरल्या, आणि पुष्पिकेंत असें नोंदलें कीं, हीं चार पानें ज्वर गेल्यावर पण बल येण्यापूर्वीं लिहिलीं आहेत, सबब वाचणारानें तीं मुळाशीं पुन्हा ताडून पाहावीं. २००६ च्या प्रगतिपुस्तकास समास नाहीं व तें आतां आमच्या हातींहि नाहीं. म्हणून त्यांतील एका शब्दाची दुरुस्ती या पानावर नोंदवून ठेवतों. ‘आळशी’ हा अपपाठ होय. ‘क्लांत’ असा पाठ घ्यावा.